घरातला न्याय

न्याय हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे कचेरी, वकील आणि तारखांमागून पडणाऱ्या तारखा उभ्या राहतात. परंतु मनुष्याच्या आयुष्यातील न्यायाचा पहिला दावा बहुधा स्वयंपाकघरात दाखल होतो. वादीचे वय सहा-सात वर्षांचे असते. प्रतिवादी त्याचा थोरला भाऊ असतो. दाव्याचा विषय संत्र्याची एखादी फोड असतो. आणि ज्या न्यायासनापुढे हा दावा चालावयाचा ते न्यायासन त्याच वेळी तव्यावरची पोळी उलटण्यात गुंतलेले असते. साक्षीपुरावा नाही, मुदत नाही, अपील नाही. निकाल तत्काळ हवा असतो, आणि तो कसाही दिला तरी दोहोंपैकी एक पक्ष रडत बाहेर पडतो.

हा दावा क्षुल्लक म्हणून काढून टाकण्याची आपणां वडील माणसांस सवय आहे. 'एवढ्याशा फोडीसाठी काय भांडता?' एवढे बोलून आपण मोकळे होतो. फोड क्षुल्लक असेल. तिच्यावरून उभा राहिलेला प्रश्न मात्र तसा नसतो. आमच्या वऱ्हाडी बोलीत तो प्रश्न दोनच शब्दांत येतो: 'दादालेच काहून?' या दोन शब्दांत मुलाने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. देणाऱ्याने देताना मनाशी काही कारण धरलेले असले पाहिजे, ही पहिली. आणि ते कारण विचारण्याचा आपणास अधिकार आहे, ही दुसरी. मांजराची पिल्ले दुधाच्या वाटीवरून भांडतात, पण त्यांतील एकही पिल्लू कारण विचारीत नाही. ज्या दिवशी मूल 'मला हवे' एवढ्यावर न थांबता 'त्यालाच का?' असे विचारते, त्या दिवशी त्याच्या नैतिक जीवनास आरंभ होतो. तेव्हा त्या प्रश्नास आपण काय उत्तर देतो, याचा थोडा गंभीरपणे विचार करणे अवश्य आहे.

वणीसारख्या गावातील मध्यम स्थितीचे कोणतेही एक घर घ्यावे. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील या भागात जमिनीवर कापूस आणि जमिनीखाली कोळसा. तेव्हा वडील खाणीच्या नोकरीत असतील, शाळेत शिक्षक असतील, नाहीतर बाजारात त्यांचे दुकान असेल. मुलगे दोन, एक सात वर्षांचा, दुसरा दहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढला म्हणजे रात्री कूलरसमोर कोणी निजावयाचे, हा त्या घरातील सर्वांत बिकट प्रश्न होय. पावसाळ्यात आईचा मोबाईल कोणी किती वेळ धरावयाचा, हा प्रश्न त्याची जागा घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, लाकडी नंदी सजवून मुले घरोघर बोजारा मागावयास निघतात. तेव्हा आजोबांनी करून घेतलेला चाकांचा मोठा नंदी कोणाच्या हाती द्यावयाचा, यावरून सकाळपासून डोळ्यांत पाणी तयार असते. अशा प्रसंगी आईबापांपुढे दोन मार्ग दिसतात. दोघांस सारखे द्यावे, हा एक. ज्याचे त्यास योग्य ते द्यावे, हा दुसरा. दोन्ही मार्गांस मोठी परंपरा आहे आणि दोन्हींत खाचखळगेही आहेत.

पहिला मार्ग समान वाटणीचा. तो आज आपणास इतका स्वाभाविक वाटतो की भावाभावांत समान वाटा हे तत्त्व आपल्या समाजाने कष्टाने मिळविलेले आहे, याचा विसर पडतो. मनुस्मृतीत वडील मुलास वडिलोपार्जित धनातून विसावा हिस्सा अधिक काढून द्यावा, मधल्यास त्याच्या निम्मा, धाकट्यास चौथाई, आणि मग उरलेल्याची वाटणी करावी, असा उद्धार सांगितलेला आहे. पुढे कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात (इ. स. १०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्याच्यापुढे अडचण अशी होती की, विषम वाटणी शास्त्रात तर आहे, आणि लोकांस ती नकोशी झालेली आहे. त्याने निर्णय दिला तो असा की, शास्त्राने सांगितलेली असली तरी जी गोष्ट लोकांस अप्रिय झाली ती आचरू नये. सबब सर्व भावांस वाटा समान. स्मृतीच्या शब्दापेक्षा भावाभावांच्या मनातील सल या टीकाकाराने अधिक जड मानला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विषम वाटणीने घरे कशी फुटतात हे त्या काळच्या लोकांनी पाहिलेच असले पाहिजे.

समान वाटणीचा मोठा गुण असा की ती उघड असते. दोन पेले शेजारी ठेवून दूध ओतले म्हणजे कोणास काही विचारावे लागत नाही. आणि एकाने कापावे व दुसऱ्याने आधी उचलावे, ही युक्ती तर आपल्या घरोघरी आजीनेच शिकविलेली असते. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या न्यायविषयक ग्रंथात हाच दाखला घेतला आहे: जो केक कापतो त्याने शेवटचा तुकडा घ्यावा, म्हणजे तो आपोआप सारखे तुकडे करील. तत्त्वज्ञाच्या ग्रंथात आणि आजीच्या माजघरात एकच युक्ती सापडावी, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. दोघांचीही अडचण एकच आहे: वाटणाऱ्याच्या मनातील पक्षपातास लगाम कसा घालावा?

परंतु ज्या वस्तू कापता येतात त्यांच्यापुरतीच ही युक्ती चालते. दूध मोजता येते. आईचे लक्ष मोजता येत नाही. धाकट्यास अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत म्हणून ती त्याच्याजवळ तासभर बसली, तर थोरल्याजवळही तासभर बसावे काय? त्यास अभ्यासात मदत नको आहे. त्यास हवी आहे दिवसभराची हकीकत ऐकणारी व्यक्ती, आणि त्यासाठी दहा मिनिटेही पुरतील. येथे सारखे देणे म्हणजे दोघांसही चुकीचे देणे होय. शिवाय, प्रत्येक गोष्ट तराजूत घालण्याची सवय लागलेल्या घरात आणखी एक अनिष्ट घडते. मुलगा आपल्या ताटात काय आहे हे पाहण्याऐवजी भावाच्या ताटात काय आहे हे पाहू लागतो. आपणास लाडू आवडला की नाही, हे त्याचे त्यास कळेनासे होते. भावाचा लाडू मोठा होता एवढेच कळते. समतेसाठी केलेली वाटणी अशा रीतीने मत्सराची शाळा बनते.

मुलांच्या मनात ही समतेची कल्पना कशी वाढते, याचा शोध स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे याने घेतला. जिनीव्हा आणि न्यूशातेल येथील मुलांबरोबर गोट्या खेळत, त्यांस लहान लहान गोष्टी सांगत आणि प्रश्न विचारीत त्याने जे टिपून घेतले, ते १९३२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच्या एका गोष्टीत आईला दोन मुली असतात. एक आज्ञाधारक, दुसरी नाही. आई आज्ञाधारक मुलीस केकचा मोठा तुकडा देते. हे योग्य झाले काय? लहान मुलांचा कल आईच्या बाजूने पडला. मोठी मुले तिच्याविरुद्ध गेली. सर्व उत्तरे जुळवून पियाजेने तीन पायऱ्या दाखविल्या. सात-आठ वर्षांपर्यंत वडील माणसे देतील तो न्याय. आठ ते अकरा या वयात काटेकोर समता. आणि अकरा-बाराच्या पुढे, दुसऱ्याची परिस्थिती लक्षात घेऊन समतेस मुरड घालणारी समजूत. पुढील संशोधनाने यात पुष्कळ फेरफार सुचविले आहेत, आणि याहून लहान मुलांसही वाटणीतील विषमता खुपते हे आता चांगले ठाऊक झाले आहे. तथापि घरातील मातापित्यांस यातून एक उपयुक्त गोष्ट दिसते. सात वर्षांचा आणि दहा वर्षांचा मुलगा एकाच पाटावर जेवत असले तरी न्यायाच्या एकाच पायरीवर उभे असतीलच असे नाही. ज्या निकालाने एकाचे समाधान होते तोच निकाल दुसऱ्यास अन्याय वाटतो, आणि यात हट्टीपणा कोणाचाच नसतो.

आता दुसरा मार्ग. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात सांगून ठेविले आहे की, सारख्यांस असमान मिळाले म्हणजे तक्रारी उठतात, आणि असमानांस सारखे मिळाले तरीही उठतात. म्हणून ज्याची जशी पात्रता, जशी गरज, तसा त्याचा वाटा. वाढत्या वयाच्या मुलास पोळी अधिक, लहानास झोप अधिक. ज्याच्या अंगावर घामोळे उठले तो कूलरसमोर, ज्यास खोकला आहे तो भिंतीकडे. यात समजूतदारपणा आहे, आणि चांगली आई न सांगता हेच करीत असते.

पण या मार्गावर एक मोठा धोका दबा धरून बसलेला आहे. गरज ठरविणार कोण? पात्रता ठरविणार कोण? जो देतो तोच. आणि देणाऱ्याचे मन निर्मळ असतेच असे नाही. जो मुलगा गोड बोलतो त्याची गरज चटकन दिसते. जो घुमा आहे त्याची दिसत नाही. ज्याचे नाक आपल्या वडिलांसारखे आहे, ज्याचे गुण शेजाऱ्यांपुढे सांगता येतात, त्याच्याकडे माप नकळत झुकते. धृतराष्ट्रानेही आपण पक्षपात करतो असे कधी स्वतःशी कबूल केले नसेल; पुत्रप्रेम हेच त्यास कर्तव्य वाटत असेल. गरजेप्रमाणे वाटणी हे तत्त्व उच्च खरे, पण पक्षपातास लपण्यासाठी याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

या लपण्याच्या जागांपैकी सर्वांत जुनी, सर्वांत प्रतिष्ठित जागा म्हणजे 'तू मोठा आहेस ना?' हे वाक्य होय. खेळणे मोडले, भांडण झाले, नंदीची दोरी दोघांनी ओढली, की हे वाक्य थोरल्यावर येऊन पडते. यातील अन्याय आपल्या लक्षात येत नाही, कारण त्यास समजूतदारपणाचा पोशाख घातलेला असतो. थोरला दहा वर्षांचा आहे म्हणून त्याने सोडून द्यावयाचे. पण तो सात वर्षांचा होता तेव्हाही तो मोठाच होता. धाकटा जन्मला त्या रात्री, तीन वर्षांचा असतानाच, त्यास मोठेपण मिळाले. धाकटा आज सात वर्षांचा होऊनही लहानच आहे. म्हणजे सात वर्षांच्या थोरल्याकडून ज्याची अपेक्षा होती, ती सात वर्षांच्या धाकट्याकडून नाही. येथे वय हे कारण राहिलेच नाही. जन्माचा क्रम हेच कारण झाले. आणि जन्माच्या क्रमावरून माणसाचा वाटा ठरविणे सोडून द्यावे, हा तर विज्ञानेश्वराचाच निर्णय होता. थोरल्याचा अधिक हिस्सा आपण काढून टाकला. त्याच्यावरचा अधिक भार मात्र तसाच ठेविला.

याचा अर्थ धाकट्याचे सर्व ठीक चालले आहे असा नव्हे. त्याचीही फिर्याद आहे. त्याची सायकल थोरल्याची, दप्तर थोरल्याचे, सदरे थोरल्याचे. नवे म्हणून त्याच्या वाट्यास येते ते बहुधा फाटल्यामुळे, वाढल्यामुळे कधीच नव्हे. काटकसर योग्यच आहे. पण आपल्या वस्तूंवर आधीच दुसऱ्याचे नाव लिहिलेले आहे, ही जाणीव काटकसरीच्या हिशेबात धरली जात नाही.

मग या दोन मार्गांतून वाट कशी काढावी? मला वाटते, कोणास किती दिले याहून, देण्याचे कारण कसे आहे यावर न्याय अवलंबून असतो. आणि त्या कारणाच्या दोन कसोट्या आहेत. पहिली अशी की, ते दोन्ही मुलांसमोर, एकाच वेळी, मोठ्याने सांगता आले पाहिजे. दुसरी अशी की, दोघांच्या जागा बदलल्या तर तेच कारण उलट बाजूने लागू झाले पाहिजे.

महाभारतातील यक्षप्रश्नाची कथा सर्वांस ठाऊक आहे. चार भाऊ निश्चेष्ट पडलेले. त्यांपैकी एकासच उठविण्याचा वर मिळालेला. युधिष्ठिराने भीम मागितला नाही, अर्जुन मागितला नाही, नकुल मागितला. कारण कुंतीचा एक पुत्र, म्हणजे तो स्वतः, जिवंत होता. माद्रीचाही एक असावा. या निवडीत युद्धाची गरज नाही, प्रेमाची ओढही नाही. तथापि तिचे कारण असे आहे की, भीम आणि अर्जुन उठून बसल्यावर त्यांच्या डोळ्यांस डोळा भिडवून ते सांगता आले असते. आणि उद्या माद्रीचा पुत्र जिवंत राहून कुंतीचे सर्व पुत्र पडले असते, तर याच कारणाने कुंतीचा पुत्र उठला असता. दोन्ही कसोट्यांस उतरणारे कारण असे असते.

आता हीच कसोटी स्वयंपाकघरात लावून पाहावी. 'त्यास खोकला आहे म्हणून कूलरसमोर आज तू नीज; तुला खोकला होईल तेव्हा तो निजेल.' हे सांगता येते. 'तू मोठा म्हणून रात्री नऊपर्यंत जागण्याची तुला मुभा, आणि तू मोठा म्हणून दळण आणण्याचे कामही तुझे; धाकटा दहा वर्षांचा झाला की त्याची मुभाही तीच आणि कामही तेच.' हेही सांगता येते. पण 'तू मोठा म्हणून नेहमी तूच सोड,' हे उलटवून सांगता येत नाही, कारण धाकटा कधीच मोठा होणार नसतो. मोठेपणाचे कर्तव्य मागावयाचे असेल तर मोठेपणाचा अधिकारही दिला पाहिजे. दोहोंपैकी एकच देणारा व्यवहार फसवणुकीचा होय.

याच कसोटीने आणखी एक गोष्ट उघडी पडते. त्या घरात एखादी बहीण असेल, तर मुलगे खेळावयास गेले असता ताटे तिने का उचलावी, याचे कोणते कारण तिघांसमोर मोठ्याने सांगता येईल? महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क कायद्याने दिला. मिताक्षरेने भावांपुरता काढलेला निष्कर्ष बहिणीपर्यंत पोहोचण्यास नऊशे वर्षे लागली. जे मुलगे लहानपणी बहिणीच्या श्रमाचे कारण कधी विचारीत नाहीत, ते मोठेपणी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेताना काही चुकते आहे असे समजत नाहीत.

येथे वाचक एक आक्षेप घेतील. घर म्हणजे वादसभा नव्हे. प्रत्येक फोडीमागे व्याख्यान देत बसलो तर पोळ्या करपतील. आक्षेप रास्त आहे. प्रत्येक वेळी कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. विचारल्यास सांगण्याजोगे कारण जवळ असले म्हणजे पुरे. मुलांस ते जवळ आहे की नाही हे फार लवकर कळते. ज्या घरात दहांतून दोनदा खरे कारण सांगितले जाते, तेथे उरलेल्या आठ वेळा मुले निमूटपणे विश्वास ठेवितात. ज्या घरात 'मी सांगते म्हणून' एवढेच उत्तर दरवेळी मिळते, तेथे मुले आज्ञा पाळण्यास शिकतीलही. पण अधिकार असला म्हणजे कारण लागत नाही, हेच ती त्याबरोबर शिकतात, आणि पुढे स्वतः अधिकारावर बसल्यावर तेच आचरतात.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. काही विषमता अशा असतात की, त्यांचे कारण सांगता येते, पण त्याने भरपाई होत नाही. एक मुलगा सतत आजारी आहे. आईच्या रात्री त्याच्या उशाशी जातात, पैसा त्याच्या औषधांत जातो. निरोगी भावास कारण कळते. कसोटीसही ते उतरते. तरी त्याची आई त्यास मिळाली नाही, हे खरेच राहते. अशा वेळी आपण त्यास म्हणतो, 'तू शहाणा आहेस, तुला काय कमी आहे?' हे बोलणे निर्दय आहे, कारण जे त्याने खरोखर गमावले ते गमावलेच नाही असे आपण त्यास सांगत असतो. न्याय्य निर्णयानेही कोणाचे तरी नुकसान होते, आणि त्या नुकसानीची पोच देणे हे न्यायाचेच अंग आहे. 'तुझ्या वाट्याचे तुला देता आले नाही, हे मला ठाऊक आहे,' एवढे वाक्य आईच्या तोंडून ऐकलेला मुलगा आणि ते न ऐकलेला मुलगा यांच्यात पुढे फार अंतर पडते.

तिसरा आक्षेप प्रेमाच्या बाजूने येईल. भावाभावांत हिशेब कसले? त्यांनी वाटून घ्यावे, देऊन टाकावे, हेच शिकवावे. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी दोघांचा बोजारा एकत्र करून सारखा वाटून देणारे वडील याच समजुतीने वागतात. पण जे हिसकून वाटले त्यास औदार्य म्हणत नाहीत. धाकट्याने फिरून जमविलेले चाळीस रुपये त्याचेच आहेत, हे आधी निर्विवाद ठरू द्यावे. मग तो आपल्या हाताने दादास दहा देईल, तर ते देणे होय. आपला वाटा सुरक्षित आहे अशी ज्यास खात्री आहे, त्याचीच मूठ उघडते. ज्यास ती खात्री नाही, तो दिलेलेही मनात मोजून ठेवितो. प्रेम न्यायापेक्षा मोठे आहे, यात शंका नाही. पण ते न्यायाच्या खांद्यावर उभे राहून मोठे होते.

आमच्या भागात शेताच्या बांधास धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून सख्ख्या भावांत चालणारी भांडणे गावोगाव ऐकू येतात. हातभर जमिनीसाठी दोघे आयुष्यभर बोलत नाहीत, दोघांचाही त्या जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा कचेरीत जातो, आणि पाहणारे म्हणतात, एवढ्याशा मातीसाठी काय भांडतात! हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी संत्र्याच्या फोडीवरून कोणीतरी उच्चारलेले असते. माती हातभरच असते, फोड एवढीशीच असते. 'दादालेच काहून?' हा प्रश्न मात्र तेव्हाही विचारलेला होता, आणि ज्या घरात त्याचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, तेथे तो तलाठ्याच्या दप्तरापर्यंत चालत जातो.